थंडीतील प्रवास आणि गाडीतले पाणी



डिसेंबरच्या अखेरीस शाळांना नाताळची सुट्टी लागते. दिवाळी आणि लग्नसराईची पहिली गर्दी ओसरलेली असते, मार्चअखेरचे हिशेब अजून दूर असतात. दुकान विश्वासू माणसाच्या हाती सोपवून सहकुटुंब बाहेर पडायला व्यापारी घराला वर्षातील हीच सवड सोयीची पडते. कोणी आबूला देवदर्शनाला जातात, कोणी मारवाडातील मूळ गावाकडे, कोणी त्याही पुढे हिमाचल-काश्मीरपर्यंत.

अशा प्रवासात स्वतःचा रसोडा बरोबर नेण्याची आपल्याकडील चाल जुनी आहे. कंदमुळे वर्ज्य, भोजन सूर्यास्तापूर्वी, पाणी गाळलेले आणि उकळलेले, हे नियम पाळायचे तर वाटेतील उपाहारगृहांवर विसंबून भागत नाही. पूर्वी बसच्या टपावर शेगड्या आणि पातेली बांधली जात. आता कॅरव्हॅन म्हणून ओळखली जाणारी, ओटा, गिझर, न्हाणीघर आणि शौचालय पोटात घेऊन फिरणारी गाडी भाड्याने मिळू लागली आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. आपल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या काठी किंवा कळसूबाईच्या पायथ्याशी अशी गाडी उभी करून कुटुंबे दोन दिवस आनंदात काढतात.

गाडीतील बिछाने, वातानुकूलन, दूरदर्शन यांविषयी भाड्याने देणारा भरभरून सांगतो. पाण्याच्या व्यवस्थेविषयी मात्र तो ‘टाकी शंभर लिटरची आहे’ एवढे सांगून थांबतो, कारण महाराष्ट्रात त्यापुढे काही सांगण्याची वेळच येत नाही. अहिल्यानगरला पारा एक अंकी झाला की आपण कुडकुडतो, पण नळातील पाणी वाहतेच राहते. पाणी गोठून नळ फुटतो हा अनुभव आपल्या पिढ्यांच्या गाठीशी नाही. हीच गाडी जानेवारीच्या एका रात्री आबूच्या माथ्यावर उभी केली, तर जे घडू शकते त्याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आबूची रात्र

माउंट आबू समुद्रसपाटीपासून सुमारे १२२० मीटर उंच आहे. त्याचे गुरुशिखर १७२२ मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईहूनही वर आहे. उंची फार वेगळी नसली तरी आबू आपल्यापेक्षा बराच उत्तरेला आहे. उत्तरेकडून येणारी कोरडी थंड हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे डिसेंबर-जानेवारीत तेथील किमान तापमान शून्यापर्यंत आणि कित्येक रात्री शून्याच्या खालीही उतरते. सकाळी मोटारींच्या काचांवर आणि टपांवर बर्फाचा थर दिसतो, अंगणात ठेवलेल्या भांड्यातील पाण्यावर पापुद्रा धरतो. राजस्थानात शेखावटीतील फतेहपूर आणि त्याच्या उत्तरेचे चुरू ही सपाटीवरील गावेही कडाक्याच्या थंडीत शून्याखाली जातात. मारवाडातील गावाकडे निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

येथे एक बारकावा समजून घेण्यासारखा आहे. हवामान खात्याचे किमान तापमान जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकावरून घेतले जाते. स्वच्छ आकाशाच्या निवांत रात्री उघड्यावरील पत्रा, गवत, गाडीचा टप हे आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होतात. महाबळेश्वरात वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दव गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा गावातील तापमान शून्याच्या बरेच वर असते, ते याच कारणाने. म्हणून ‘आज रात्री ३ अंश’ असे वाचले तरी गाडीबाहेरच्या नळाला निर्धास्त समजू नये. ४ अंश किंवा त्याखालचा अंदाज असेल तर ती रात्र गोठण्याची आहे असे धरूनच तयारी करावी. परदेशी बनावटीच्या काही गाड्यांत गिझरजवळ एक स्वयंचलित झडप असते, ती ३ अंशांच्या सुमारास आपोआप उघडून गिझरमधील पाणी सोडून देते. शून्याची वाट न पाहण्याचे धोरण त्या कारागिरांनीही स्वीकारले आहे.

नुकसान कोठे होते

बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणी ४ अंशांपर्यंत आकसते, त्यानंतर उलट पसरू लागते आणि बर्फ होताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. म्हणजे एक लिटर पाण्याच्या बर्फाला जवळजवळ १०९० मिलिलिटर जागा लागते. जागा मिळाली तर काहीच बिघडत नाही. दोन्ही बाजूंनी कोंडलेल्या पाण्याला ती मिळाली नाही, तर बर्फ पुढे सरकत उरलेले पाणी दाबत जातो आणि तो दाब प्लास्टिकचा सांधा, पितळी तोटी किंवा पंपाचे कवच, जे कच्चे असेल ते फोडतो.

स्वाभाविकपणे आपली काळजी मोठ्या टाकीकडे जाते. वास्तविक टाकी बहुधा सुरक्षित असते. शंभर लिटर पाणी गोठण्यासाठी त्यातून फार मोठी उष्णता जावी लागते. गाडीच्या आत असलेली टाकी शून्याखाली दोन-तीन अंशांच्या एका रात्रीत पूर्ण गोठत नाही, फार तर वर पातळ साय धरते. नळ्यांचा हिशेब वेगळा आहे. आतून १० मिलिमीटर व्यासाची १० मीटर नळी घेतली तर तिच्यात जेमतेम पाऊण लिटर पाणी मावते. ते पातळ धारेसारखे पसरलेले असते, त्यामुळे काही तासांत गोठू शकते. टाकीतील शंभर लिटर रात्र काढतात आणि हे पाऊण लिटर घात करते.

व्यापाऱ्याला ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. फिरता माल कितीही असो, त्याची चिंता नसते. कोपऱ्यात अडकून पडलेला थोडा मालच वर्षअखेरीस तोटा दाखवतो. गाडीतही वाहणाऱ्या पाण्यापेक्षा अडकलेल्या पाण्याचीच काळजी घ्यायची आहे.

असे पाणी अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, १२ व्होल्टचा पंप आणि त्याच्या तोंडाशी बसवलेली गाळणीची वाटी. दुसरी, गिझर आणि त्याच्या मागील एकदिशा झडप, जी पाणी परत फिरू देत नाही. तिसरी, गरम-थंड पाण्याचा एकत्र नळ. चौथी, शौचालयातील हाताचा फवारा आणि गाडीच्या बाहेरच्या बाजूला पाय धुण्यासाठी दिलेला नळ, जो सर्वांत उघडा असतो. पाचवी, मोरीखालील वाकडा पाइप, ज्यात दुर्गंधी अडवण्यासाठी मुद्दाम पाणी साठू दिलेले असते. सहावी, गाडीच्या पोटाखाली लटकणारी सांडपाण्याची टाकी आणि तिची झडप.

या नुकसानीचा आणखी एक स्वभाव आहे. नळी रात्री फुटते, पण फुटलेली नळी बर्फाने बंद असते. थेंबही गळत नाही. सकाळी ऊन वर येते, बर्फ वितळतो, कोणीतरी पंपाचे बटण दाबते आणि मग ओट्याखालून पाणी बिछान्यांत, विजेच्या तारांपर्यंत पोहोचते. अशा गाडीचे सुटे भाग लहान गावात सहजी मिळत नाहीत, आणि घर तेथून साडेआठशे-नऊशे किलोमीटर मागे राहिलेले असते.

सर्वांत स्वस्त उपाय: मुक्कामाची जागा

पहिला उपाय फुकटचा आहे. आबू रोड हे पायथ्याचे गाव माउंट आबूपासून घाटाने सुमारे २८ किलोमीटरवर आहे आणि जवळजवळ एक हजार मीटर खाली आहे. हजार मीटर उंचीला हवा साधारण सहा ते साडेसहा अंशांनी थंड होते. वर शून्य असेल तेव्हा खाली बहुधा पाच-सहा अंश तरी असतात. रात्री गाडी आबू रोडला ठेवावी आणि सकाळी ऊन पडल्यावर घाट चढावा. देलवाड्यातील १०३१ मधील विमलवसही आणि १२३० मधील वस्तुपाल-तेजपाल बंधूंची लूणवसही पाहायला दिवसाचा प्रकाशच हवा असतो. ज्यांना सकाळची पूजा करावयाची आहे, त्यांनी वर धर्मशाळेत खोली घेऊन तेथील स्नानगृह वापरावे आणि गाडी खाली ठेवावी, हे गाडीतील गिझरशी झगडण्यापेक्षा सुखाचे.

वरच मुक्काम करावा लागला तर जागा पाहून गाडी लावावी. दरीच्या तळाशी, तलावाकाठी आणि मोकळ्या मैदानात थंडी अधिक साचते. भिंतीच्या किंवा दाट झाडीच्या आडोशाला, पण सकाळचे पहिले ऊन लागेल अशी जागा उत्तम. वाऱ्याने तापमान हवेच्या खाली जात नाही, तरी असलेली ऊब तो लवकर काढून नेतो, म्हणून नळ्यांची बाजू वाऱ्याकडे करू नये.

संध्याकाळची रिती करण्याची रीत

दुसरा आणि पक्का उपाय म्हणजे झोपण्यापूर्वी नळ्या रित्या करणे. रिकाम्या नळीत गोठायला काही नसते. सवय झाली की या कामाला अर्धा तास पुरतो. क्रम मात्र चुकवू नये.

१. सूर्यास्तापूर्वी स्वयंपाक, भांडी आणि हातपाय धुणे उरकावे. रात्रीसाठी व सकाळसाठी लागणारे पाणी आधीच भांड्यांत काढून घ्यावे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

२. गिझर बंद करावा आणि त्यातील पाणी निवू द्यावे. उकळते पाणी सोडताना हात भाजतो. पाणी रिकामे केलेला गिझर चुकूनही सुरू होऊ नये म्हणून त्याच्या बटणावर कागद चिकटवून ठेवावा. कोरड्या गिझरमधील तापणारी कांडी थोड्या वेळात जळते.

३. पंप बंद करून सर्व नळ उघडावेत, गरम आणि थंड दोन्ही बाजूंचे. एकच दांडी असलेला नळ असेल तर ती मधोमध ठेवावी, नाहीतर एका बाजूचे पाणी तसेच राहते. फवाऱ्याची नळी खाली जमिनीवर सोडावी आणि त्याचे बटण दाबून धरावे. शौचालयाचे पाणी एकदा सोडावे.

४. गाडीखालच्या किंवा ओट्याखालच्या निचऱ्याच्या झडपा उघडाव्यात. बहुतेक गाड्यांत थंड पाण्याची एक, गरम पाण्याची एक आणि गिझरची स्वतंत्र अशा तीन असतात. गाडी ताब्यात घेतानाच त्या दाखवून घ्याव्यात आणि प्रत्येकीला रंगीत दोरा बांधावा. अंधारात कंदिलासमोर त्या शोधण्याची वेळ येऊ नये.

५. टाकीही रिकामी केली असेल तर पंप पंधरा-वीस सेकंद चालवून त्याच्या पोटातील उरलेले पाणी बाहेर काढावे. कोरडा पंप यापेक्षा जास्त चालवू नये. टाकी भरलेली ठेवायची असेल तर पंपाकडे जाणारी तोटी आधी बंद करावी, टाकी पाऊण भागच भरलेली असावी आणि वर मोकळी जागा राहावी. मग गाळणीची वाटी उघडून पुसून घ्यावी.

६. नळ आणि निचऱ्याच्या झडपा रात्रभर उघड्याच ठेवाव्यात. कोठे थोडे पाणी राहिलेच तर ते फुगायला वाट मिळते.

७. सांडपाण्याची टाकी रिकामी करून तिची झडप उघडी ठेवावी, खाली बादली ठेवावी. मोरीच्या वाकड्या पाइपातील पाणी स्पंजाने टिपून घ्यावे.

सोडलेले पाणी रस्त्यावर वाहू देऊ नये. उतारावर पसरलेले पाणी पहाटे काचेसारखे गोठते आणि त्यावरून कोणाची दुचाकी घसरेल हे सांगता येत नाही. आबूचा डोंगर वन्यजीव अभयारण्यही आहे, तेथे साबणाचे पाणी उघड्यावर टाकणे कोणत्याच अर्थाने उचित नाही. स्वच्छ पाणी बादल्यांत धरून भांडी-कपड्यांना वापरावे, सांडपाणी मुक्कामाच्या जागी असलेल्या गटारातच सोडावे. टाकी भरताना दुहेरी कापडातून गाळून भरण्याची आपली रीत येथेही उपयोगी पडते. वाळूचा कण निचऱ्याच्या झडपेत अडकला की ती पुरती मिटतही नाही आणि उघडतही नाही.

पिण्याचे पाणी वेगळे

गाडीतील नळ बंद झाला तर इतर प्रवासी बाटलीतले पाणी विकत घेतात. आपल्या घरांत प्रश्न एवढ्यावर सुटत नाही. चौविहार करणाऱ्या आजी-आजोबांनी आदल्या सूर्यास्तापासून पाण्याचा थेंब घेतलेला नसतो. जानेवारीत आबूला साडेसातच्या सुमारास सूर्य उगवतो, त्यानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी. रात्रीच्या थंडीचा तळ नेमका सूर्योदयाच्या आसपास असतो. घरातील ज्येष्ठ माणूस पाण्याची वाट पाहत असतो त्याच घटकेला गाडीतील नळ गोठलेला असण्याचा संभव सर्वाधिक. ज्यांना सकाळी रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी घ्यायची असते, त्यांच्यासाठी हा उशीर केवळ गैरसोयीचा राहत नाही.

म्हणून पिण्याचे पाणी गाडीच्या नळयोजनेवर अवलंबून ठेवूच नये. सहा माणसांच्या कुटुंबाने पिण्यासाठी आणि सकाळच्या स्वयंपाकासाठी १० लिटर, हाततोंड धुण्यासाठी २० लिटर पाणी वेगळ्या भांड्यांत काढून माणसे झोपतात त्या भागात ठेवावे. पिण्याचे पाणी संध्याकाळी उकळून रुंद तोंडाच्या स्टीलच्या डब्यात, वर चार बोटे जागा सोडून भरावे. डबा जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवावा आणि भोवती गोधडी गुंडाळावी. सकाळी ते कोमट निघते. उकळलेल्या पाण्याची कालमर्यादा प्रत्येकाने आपापल्या परंपरेप्रमाणे पाळावी. शिवाय प्रत्येक ज्येष्ठासाठी एक थर्मास भरलेला असावा. काचेची किंवा काठोकाठ भरलेली बाटली गाडीच्या बाहेरच्या कप्प्यात कधीही ठेवू नये.

काय करू नये

पुढील चार गोष्टींविषयी मुद्दाम निक्षून लिहितो, कारण त्यांत पैशापेक्षा मोठे नुकसान आहे.

कोळशाची शेगडी गाडीत पेटवून झोपू नये. बंद जागेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साईड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गाडी तर खोलीपेक्षा कितीतरी लहान. स्वयंपाकाचा गॅस ऊब यावी म्हणून पेटता ठेवणे आणि इंजिन चालू ठेवून झोपणे यांतही तोच धोका आहे. नळ फुटला तर नवा मिळतो. ऊब हवी असेल तर मुक्कामाच्या जागेवरील विजेच्या जोडणीवर चालणारा हीटर जाड तारेच्या पॉवर प्लगवर लावावा. गाडीच्या बॅटरीचा भरवसा धरू नये. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत एकूण १.२ युनिट वीज असते, एक हजार वॉटचा हीटर ती जेमतेम तासाभरात संपवतो.

पाणी गोठू नये म्हणून टाकीत इंजिनाचे कूलंट ओतू नये. त्यात बहुधा इथिलिन ग्लायकॉल असते आणि ते विष आहे. त्याची चव गोड असते, म्हणून जमिनीवर सांडलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. लेकराबाळांनाही तोच धोका. परदेशात हिवाळाभर गाडी बंद ठेवताना नळ्यांत प्रॉपिलिन ग्लायकॉलचे वेगळे, गुलाबी रंगाचे द्रावण भरतात, ते या कामासाठीच बनवलेले असते. दोन रात्रींच्या प्रवासाला त्याचीही गरज नाही, नळ्या रित्या केल्या की पुरे.

मीठ घालून पाणी गोठण्यापासून वाचवण्याचा घरगुती सल्ला मानू नये. समुद्राइतके खारे पाणीही शून्याखाली दोन अंशांच्या आसपास गोठू लागते, आणि तेवढे मीठ पंप व गिझरचे धातू खाऊन टाकते.

गोठलेल्या नळीला आग लावू नये, मेणबत्ती नको आणि गॅसची बत्तीही नको. प्लास्टिक वितळते आणि गाडीत लाकूड, कापड, गॅस सिलिंडर सगळे हातभराच्या अंतरावर असते.

गोठलेच तर

सकाळी नळ उघडला आणि पाणी आले नाही तर पंप ताबडतोब बंद करावा, गिझर बंद आहे ना ते पाहावे. सर्व नळ उघडे ठेवून ओट्याखालची दारे उघडावीत म्हणजे आतली ऊब नळ्यांपर्यंत पोहोचेल. गरम पाण्यात पिळलेले फडके नळीला गुंडाळावे किंवा केस वाळवण्याचे यंत्र लांबून फिरवावे. सुरुवात नळाच्या तोंडाकडून करून मागे मागे जावे, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. पाणी वाहू लागल्यावर प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवून मगच पंप सुरू करावा. कागद भिजला तर तेथे चीर आहे. गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्याखेरीज गिझरचे बटण दाबू नये.

हे झाले आबूचे, जेथे दुपारी ऊन बर्फ वितळवते. श्रीनगरला ‘चिल्लई कलान’ म्हणून ओळखले जाणारे चाळीस दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात आणि त्या काळात घरांचे नळही गोठतात. साडेतीन हजार मीटरवरील लेहमध्ये तर कित्येक हॉटेले हिवाळाभर नळयोजना बंद करून प्रवाशांना बादलीने पाणी देतात. पिढ्यान्‌पिढ्या थंडीत राहिलेल्या लोकांनीही शेवटी हाच मार्ग धरला आहे की नळीत पाणी ठेवायचे नाही. त्या प्रदेशात जाणाऱ्यांनी गाडीची पाण्याची योजना प्रवासभर कोरडीच ठेवावी आणि डबे-बादल्यांवर भागवावे.

भाड्याने घेताना

करारावर सही करण्यापूर्वी मालकाला काही प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. पाण्याची टाकी गाडीच्या आत आहे की खाली? निचऱ्याच्या झडपा किती आणि कोठे? पंपाआधी बंद करण्याची तोटी आहे का? गिझर विजेचा की गॅसचा, आणि तो रिकामा कसा करायचा? गोठून पंप किंवा नळी फुटली तर दुरुस्ती कोणाकडे, आणि अनामत रकमेतून किती कापणार? कोळशाच्या वायूची सूचना देणारे यंत्र गाडीत आहे का? नसेल तर ते विकत घेऊन सोबत न्यावे. मालाची खरेदी करताना आपण वजन, वाण आणि परतीच्या अटी विचारतो. ज्या गाडीत रात्री आईवडील आणि मुले झोपणार आहेत, तिच्याविषयी विचारायला संकोच कसला?

निघण्याआधी एक संध्याकाळ घराच्या अंगणात ही सारी रीत करून पाहावी. कोणती झडप कोठे आहे हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे, कारण चालक दिवसभर गाडी हाकून थकलेला असतो. आपल्या घरांत असली कामे बहुधा तरुण मुले हौसेने करतात. त्यांच्याकडेच ही जबाबदारी सोपवावी, दररोज संध्याकाळी वहीत खूण करायला लावावी. परतल्यावर टाकी धुऊन, नळ उघडे ठेवून गाडी पूर्ण कोरडी करूनच मालकाला द्यावी.

प्रवास सुखाचा होवो. जय जिनेंद्र.